बकनर नावाचा बळीचा बकरा

दूरचा प्रेक्षक: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'बिल बकनरने एकट्याने बॉस्टनची 1986ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) घालवली.' बकनर म्हणजे बॉस्टनचा फर्स्ट बेसवरचा खेळाडू, ज्याच्या पायांतून चेंडू निसटला आणि सामना गेला. दर ऑक्टोबरला हेच दळण, म्हणून आज सविस्तर. 25 ऑक्टोबर, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, सहावा सामना. बॉस्टनचा संघ रेड सॉक्स, समोर न्यूयॉर्कचा मेट्स. चार सामने जिंकेल त्याची सिरीज, आणि रेड सॉक्स 3-2 पुढे. दहाव्या इनिंगमध्ये 5-3 आघाडी, मेट्सचे दोन आउट (तिसरा झाला की खेळ खलास), बेसवर चिटपाखरू नाही. तिथून मेट्सचे कार्टर, मिचेल, नाइट, तिघांच्या लागोपाठ सिंगल, म्हणजे एकेक बेस गाठणारे फटके. पिचर (चेंडू टाकणारा) कोण? बॉस्टनचा शिराल्डी. नाइटवर तर दोन स्ट्राइक होते, तिसरा पडला की तो आउट! मग शिराल्डीच्या जागी स्टॅनली आला, त्याने वाइल्ड पिच (कॅचरला न अडवता येणारा भरकटलेला चेंडू) टाकली, मिचेलने धाव पूर्ण केली, 5-5. म्हणजे चेंडू बकनरच्या पायांतून जाण्याआधीच आघाडी गंगेला मिळाली होती. सातव्या सामन्यातही बॉस्टन 3-0 पुढे होतं, हरलं 8-5. तेही बकनरच्याच नावावर मांडायचं का?

खडूस ओपनर: वकिली झकास. पण मेट्सच्या मूकी विल्सनने मारलेला तो साधा सरपटी चेंडू होता हो. अडवला असता तर निदान अकरावी इनिंग झाली असती. एवढं एक काम जमलं नाही.

दूरचा प्रेक्षक: घोटे कामातून गेलेले, खास उंच बूट घालून उभा होता तो. त्याच सिरीजमध्ये आधीच्या विजयांत शेवटी त्याच्या जागी स्टेपलटनला उतरवलं होतं. त्या रात्री नाही. बोल लावायचा तर मॅनेजर मॅकनामाराला लावा.

बॉस्टनची सून: मॅनेजरचं नाव काढलंतच तर सांगा, आमचा पिचर क्लेमेन्स, त्याला त्या सहाव्या सामन्यात सात इनिंगनंतर का काढलं? तेव्हा 3-2 धावांनी पुढे होतो! मॅकनामारा म्हणायचा, बोटाला फोड आला म्हणून पोराने स्वतःच सुटका मागितली. क्लेमेन्स म्हणतो, साफ खोटं. आमचे सासरे अजूनही हा विषय निघाला की जेवणाचं ताट पुढे सरकवतात. बॉस्टनच्या ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन आली होती, भिजू नयेत म्हणून कपाटांना प्लास्टिक लावलं होतं. धडाधड सगळं फाडून, गुंडाळून बाहेर काढावं लागलं. ते ऐकवताना त्यांचा आवाज बसतो. आणि तुम्ही पुरावे मोजताय!

नागपूरकर: आपल्याकडे तरी वेगळं काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियाँदादचा सिक्स. चेंडू एक, शिव्या जन्मभर. पुढच्याच वर्षी आमच्या नागपुरात त्याने वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, ती कुणाला आठवते?

खडूस ओपनर: आलं क्रिकेट! त्या मॅचमध्ये हॅटट्रिकपेक्षा गावसकरचं शतक मोठं होतं. वनडेतलं एकमेव.

नागपूरकर: मोठं? 1975ला लॉर्ड्सवर 174 चेंडूंत नाबाद 36 केले, त्याची परतफेड होती ती. बारा वर्षं उशिरा.

खडूस ओपनर: तोंड सांभाळा. अंगात ताप असताना 88 चेंडूंत नाबाद 103. तुम्हाला ताप आला की तुम्ही ऑफिसला दांडी मारता.

नागपूरकर: मी पॅव्हेलियनच्या बाजूला बसून ती मॅच पाहिलीय. तुम्ही बहुतेक पाळण्यात होतात.

बॉस्टनची सून: अहो, क्लेमेन्सच्या फोडाचं काय झालं?

दूरचा प्रेक्षक: ताई, तो फोड या लोकांनी फोडून टाकला. मुद्दा एवढाच, की 2,715 हिट्स मारलेला माणूस एका चेंडूपुरता उरला. 2004ला बॉस्टन अखेर जिंकलं, आणि 2008ला बकनरला बॉस्टनच्या फेनवे मैदानावर बोलावून उभं राहून टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षांनी!

खडूस ओपनर: बरं बाबा, जिंकलात. पाव दोष बकनरचा, उरलेला शिराल्डी, स्टॅनली आणि मॅनेजरने वाटून घ्यावा. पण नागपूरकरांनी ते 36चं आधी मागे घ्यावं.