पट्टी खराब नाही, वीज टोकाला पोचत नाहीये

एकाने विचारलंय की एलईडी दिव्यांच्या पाच मीटरच्या पट्टीवर पांढरा रंग लावला की शेवटचे दिवे लालसर का दिसतात. पट्टी बदलू नका, पैसे वाया जातील. वडगावात गल्लीच्या दिवाळीतल्या किल्ला प्रदर्शनासाठी आम्ही राजहंसगड केला तेव्हा नेमकं हेच झालं. दरवाज्यापाशी तटबंदी पांढरीशुभ्र आणि शेवटच्या बुरुजावर गेरू फासल्यासारखी! पोरं म्हणाली, राहू दे काका, मशाल वाटतेय.

डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी पट्टी, तिचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. मीटरला ३० दिवे धरले तर १५० दिव्यांचे झाले ९ अँपिअर. पट्टीतलं तांबं पातळ, त्यामुळे टोकाला ५ व्होल्ट पोचतच नाहीत. निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास लागतात, लालला २ पुरतात. म्हणून निळा आधी मान टाकतो आणि पांढऱ्यात लालच जास्त उरतो.

पॉवर सप्लायची जाड वायर पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या. ब्राइटनेस आर्डुइनोच्या (दिवे चालवणारा छोटा बोर्ड) कोडमध्येच २५५ वरून ८० वर आणा, रात्री मावळ्यांवर एवढा उजेड लागतोय कुठे! आर्डुइनोची आणि सप्लायची ग्राउंड (उणे) वायर एकत्र जोडलीय ना, तेही बघा. आमची ती वायर जोडायचीच राहिली होती, दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते आणि आम्ही अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत बसलो.

आणि हो, किल्ल्यावर अळीव पेरलं असेल तर पोरं पाणी शिंपडणारच. सप्लाय मागच्या बाजूला, विटांवर उंच ठेवा.