प्रतिसाद: क्षमा म्हणजे हिशेब विसरणं नव्हे

‘खरा ख्रिस्ती माणूस झालेलं नुकसान क्षुल्लक मानून विसरतो,’ हे क्षमेवरच्या या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला पटत नाही. बायबलमधल्या मत्तयच्या 18 व्या अध्यायातल्या ज्या दाखल्याचा त्यासाठी आधार घेतलाय, त्यात धनी एका चाकराचं कर्ज माफ करतो, पण तोच चाकर आपल्या सोबतीच्या चाकराला त्याचं कर्ज सोडत नाही. त्यातलेच आकडे बघा. सोबतीच्या चाकराकडून येणं होतं 100 दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आपल्या नाशकात द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या माणसाची तीनेक महिन्यांची कमाई बुडाली तर तिला क्षुल्लक कोण म्हणेल? धन्याने माफ केलेले 10,000 तालांत (एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार) मात्र सुमारे 6 कोटी दिवसांचा रोज होतात. आपलं नुकसान खरंच असतं, पण आपल्याला मिळालेली क्षमा त्याहून कितीतरी मोठी असते.

शिवाय येशूचा शिष्य पेत्र ‘किती वेळा क्षमा करू?’ विचारतो त्याच्या जरा आधीच, 15 ते 17 व्या वचनांत, येशू सांगतो की आधी एकट्याने जाऊन अपराध दाखव, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, सांग. हे या चर्चेत कुणी लिहिलंच नाही. नाशिक रोडच्या माझ्या मावशीने नेमकं हेच केलं. दिराने दुकानाचे पैसे बुडवले, तेव्हा ती आधी एकटी गेली, नंतर चर्चच्या पाळकांना घेऊन. त्याने चूक कबूल केल्यावर तिने रक्कम सोडून दिली. राग अजून उसळतो, म्हणून रोज सकाळी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते. नाताळचा फराळ त्याच्याकडे जातो. दुकानात भागीदारी मात्र तिने पुन्हा दिली नाही, आणि ते मला योग्यच वाटतं.