प्रोस्टेट कॅन्सर इतका का वाढलाय? बाबांचं पीएसए जास्त आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे आहेत, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं म्हणून डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन) ६.८ आलं, रिपोर्टवर ४ च्या आत नॉर्मल लिहिलंय आणि बाबांचा आकडा ठळक अक्षरात छापलाय, तो बघून घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेत. मोठ्या काकांना मागेच प्रोस्टेट कॅन्सर निघाला, ऑफिसमधल्या एकाच्या वडिलांनापण. आधी हे नावसुद्धा कानावर यायचं नाही.

म्हणून वाचायला घेतलं. २०२० मध्ये जगात साधारण १४ लाख नवीन केसेस होत्या, २०४० पर्यंत वर्षाला २९ लाख होतील असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनचा अंदाज आहे. सगळ्यात मोठं कारण वय, माणसं जास्त जगतायत आणि हा आजार पन्नाशीनंतर वाढत जाणारा. दुसरं कारण टेस्टिंग. अमेरिकेत पीएसए टेस्ट सर्रास व्हायला लागल्यावर १९९२ च्या सुमारास केसेस एकदम वर गेल्या आणि नंतर खाली आल्या, म्हणजे त्यातला बराचसा आजार आधीपासून होताच, फक्त आता सापडायला लागला. दुसऱ्याच कारणाने गेलेल्या वयस्कर पुरुषांच्या पोस्टमॉर्टेममध्येसुद्धा हा कॅन्सर बऱ्याचदा सापडतो, त्यांना हयातीत पत्ताच नसतो! लठ्ठपणाचा संबंध मुख्यतः आक्रमक प्रकाराशी लावतात.

पण मला जास्त घोर लागलाय तो घराण्याचा. वडील किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो म्हणे, आणि हा धोका वाढवणारा बीआरसीए२ जीनमधला दोष तर आईकडूनही येऊ शकतो. आजोबा शेवटी कंबरदुखीने अंथरुणाला खिळले होते, वय झालं म्हणून कोणी तपासलंच नाही. हा कॅन्सर हाडांत पसरतो हे वाचल्यापासून ते सारखे डोळ्यासमोर येतात. घरातले पुरुष लघवीच्या त्रासाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, मग डॉक्टरांनी फॅमिली हिस्टरी विचारली की सांगायचं काय?

डॉक्टरांचं म्हणणं, प्रोस्टेट नुसती वाढली असेल किंवा इन्फेक्शन असेल तरी पीएसए वाढतं, तेव्हा काही आठवड्यांनी परत टेस्ट करू, मग एमआरआय, आणि त्यात काही दिसलं तरच बायोप्सी. मला हे पटतं. आत्या मात्र म्हणते वेळ घालवू नका, थेट बायोप्सी करा.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, दुसऱ्यांदा केल्यावर आकडा खाली आला का? कोणी ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवायचा पर्याय घेतलाय का? ब्रिटनच्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये कॅन्सर प्रोस्टेटपुरताच असलेल्यांचे तीन गट होते, ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं, आणि १५ वर्षांनी या कॅन्सरने गेलेले तिन्हींत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. कागदावर हे दिलासा देणारं आहे, पण अंगात कॅन्सर आहे हे माहीत असताना दर काही महिन्यांनी रिपोर्टची वाट बघत राहायचं, हे घरच्यांनी कसं निभावलं?

मी ४४ चा आहे, भाऊ ४० चा. आम्ही टेस्ट कधीपासून करावी हेही विचारायचंय. अपॉइंटमेंट सोमवारी आहे, काकांचा बायोप्सी रिपोर्ट सोबत नेतोय, आणखी काय विचारून घेऊ ते त्याआधी लिहिलंत तर फार बरं होईल.