तोकुगावा जपानमधले पोशाखाचे नियम: त्यात कन्फ्यूशियन किती?

प्रश्न : उभाआडवा

तोकुगावा शोगुनांच्या राजवटीवरच्या, म्हणजे एदो काळावरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: कन्फ्यूशियन विचारामुळे सामुराई, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशी उतरंड लागली आणि प्रत्येकाचा वेश ठरला. पण तोकुगावांच्या पदरी असलेला कन्फ्यूशियन पंडित हायाशी राझान तर मुंडन करून बौद्ध भिक्षूच्या वेशात वावरायचा. ज्यांना स्वतःचा वेश ठरवता येत नव्हता, त्यांनी समाजाचा ठरवला असं म्हणायचं का? की हुकूम वेगळे आणि विचार वेगळा?

उत्तर : जुनी पानं

वेगळेच. १६१५च्या 'बुके शोहात्तो'मध्ये, म्हणजे सामुराई घराण्यांसाठीच्या कायद्यात, स्वामी-सेवक आणि वरचे-खालचे यांचा पोशाख वेगळा दिसला पाहिजे असं कलम आहे. परवानगीशिवाय पांढरं वीणदार रेशीम नको, पांढरा कोसोदे (अरुंद बाह्यांचा झगा) नको, जांभळं अस्तर नको. भाषा कन्फ्यूशियन वळणाची आहे, पण जांभळ्याकडे नीट पाहा. 'वचनां'त कन्फ्यूशियसला जांभळ्याची चीड आहे, कारण तो अस्सल लाल रंगाची जागा बळकावतो. जपानात जांभळा उच्च ठरला तो क्योतोच्या दरबारातल्या जुन्या पदरंगांमुळे. म्हणजे नियमाचं समर्थन चिनी ग्रंथांच्या भाषेत, पण रंगांची चढण देशी.

खालच्या थरासाठीचे हुकूम तर सरळ व्यवहाराचे. १६२८ साली शेतकऱ्यांना सुती आणि वाखाचं कापड ठरवून दिलं. गावच्या मुखियाला आणि शेतकऱ्यांच्या बायकांना जाडंभरडं 'त्सुमुगी' रेशीम चालायचं. १६८३ साली बायकांच्या कोसोदेवर जरीकाम, भरतकाम आणि अंगभर बांधणी ('कानोको') बंद केली, आणि बाहेरच्या कापडाच्या एका ताग्याला चांदीच्या २०० मोम्मेंची, म्हणजे सुमारे ७५० ग्रॅमची, कमाल किंमत लावली. किंमतीवर मर्यादा घालणं ही तिजोरीची भाषा झाली, 'रेइ'ची (विधी-मर्यादेची) नव्हे.

उत्तर : दुपदरी

वरच्याला जोड देतो, कारण हीच तक्रार त्या काळात एका कन्फ्यूशियन पंडिताने केली होती. ओग्यू सोराईने (१६६६–१७२८) शोगुन योशिमुनेसाठी 'सेइदान' लिहिलं. त्याचं म्हणणं असं की देशात 'सेइदो', म्हणजे विचार करून घालून दिलेली व्यवस्थाच नाही. ज्याला लोक 'काकू', म्हणजे पदाला साजेसा थाट म्हणतात, तो रिवाजातून आपोआप साचलेला आहे, कुणी विचार करून बांधलेला नाही. अशा स्थितीत काटकसरीचे हुकूम कितीही काढले तरी पैसा असलेला माणूस वरच्यासारखा दिसणार, आणि न दिसण्याची लाज वाटून सामुराई कर्जात जाणार.

त्याचा युक्तिवाद नीतीचा नाही, पुरवठ्याचा आहे. चांगल्या वस्तू जगात थोड्या निपजतात आणि साध्या पुष्कळ. वरच्या पदांवर माणसं थोडी, खाली पुष्कळ. थोड्यांनी थोडं वापरलं आणि पुष्कळांनी पुष्कळ वापरलं तर पुरतं. सगळेच थोड्यावर तुटून पडले की भाव चढतात. म्हणून कपडे, घर, भांडीकुंडी आणि नोकरांची संख्या प्रत्येक पदाला नेमून द्यावी. त्याच्याच जोडीला तो सामुराईंना परत जमिनीवर पाठवायला सांगतो. किल्ल्याखालच्या शहरात ते धर्मशाळेतल्या वाटसरूसारखे राहतात आणि सुई-दोऱ्यालाही पैसे मोजतात. हा भाग गाळून 'सोराईला कपड्यांचं वेड होतं' असं लिहिणं मला अन्याय्य वाटतं.

सगळे पंडित या मताचे नव्हते. कुमाझावा बान्झान (१६१९–१६९१) काळ, स्थळ आणि स्थान पाहून विधीचं रूप बदलावं असं मानायचा.

उत्तर : जुनी पानं

राझानबद्दल. १६०७ साली त्याने मुंडन करून दोशुन हे नाव घेतलं, कारण सत्तेच्या पदरी विद्वानासाठी ठरलेली जागा भिक्षूचीच होती. पुढे 'होइन' ही बौद्ध पदवीही स्वीकारली. त्याचा बचाव ग्रंथातला होता: प्राचीन चीनमधला राजपुत्र ताइबो याने परमुलखात केस कापले, कन्फ्यूशियसने जिथे राहिला तिथला वेश घातला, मी देशरिवाज पाळतो. नाकाए तोजूने (१६०८–१६४८) त्यावर कडक टीकालेख लिहिला. ताइबोचा दाखला इथे लागू पडत नाही हा त्याचा मुद्दा मला पटतो. हा पेच १६९१ साली सुटला. राझानचा नातू होको याला केस वाढवायची मुभा आणि 'दाइगाकु-नो-कामी' (विद्यापीठप्रमुख) हे पद मिळालं.

प्रश्न : उभाआडवा

मग कन्फ्यूशियन पंडित फुजिवारा सेइका १६०० साली तोकुगावा इएयासूसमोर 'शिन्इ', म्हणजे कन्फ्यूशियन विद्वानाचा झगा, घालून गेला असं सांगतात, तो झगा कसा बेतायचा?

उत्तर : कळीदार

चिनी कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ झू शी याच्या 'कौटुंबिक विधी' या ग्रंथातला बेत असा. पांढरं बारीक वाखाचं कापड, काळा गोट. वरचा भाग चार पन्ह्यांचा. खालचा घेर सहा पन्ह्यांचा. प्रत्येक पन्हा तिरका कापून दोन कळ्या, एकूण बारा, वर्षाच्या बारा महिन्यांसाठी. जुन्या भाष्यांतला हिशेब धरला तर पन्हा २२ सुन (सुन म्हणजे शाकू या मापाचा दहावा भाग), कळीचं अरुंद टोक ८, रुंद टोक १४. दोन्ही बाजूंना शिवणीत एकेक सुन गेला की उरतात ६ आणि १२. कमरेला ७२ सुन, घेराला १४४, बरोबर दुप्पट.

चुका तीन ठिकाणी होतात. पन्हा अरुंद असेल तर: १९ सुनांच्या कापडात कळी ५ आणि १० ची निघते, कंबर ६० वर येते आणि पुढचे पदर एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत. माप चुकलं तर: इथला सुन म्हणजे घालणाऱ्याच्या मधल्या बोटाचं मधलं पेर, सुताराच्या शाकूने (३०.३ सेंमी) मोजलं तर कंबर २ मीटरच्या वर जाते. आणि गळा: 'चौकोनी गळा' वाचून चौकोन कापू नका. पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर आणून काखेखाली नेले की काठ जिथे मिळतात तिथे चौकोन आपोआप बसतो. लांबी घोट्यापर्यंत ठेवा. त्वचा दिसू नये आणि काठ जमिनीला टेकू नये.