गेकोच्या टाकीत पांढरे किडे आणि चिलटं, काय करावं?

रेवाची_आई
न्यू जर्सीत असतो. लेकीच्या हट्टापायी क्रेस्टेड गेको (पाळायची एक पाल) घरात आला, नाव टिल्लू. काचेची उभी टाकी, खाली नारळाच्या भुशाची माती, त्यात मनीप्लांट आणि कॉर्कची साल. सकाळ-संध्याकाळ फवारा मारते. आता दोन भानगडी झाल्यात. सालीखाली मिठाच्या कणाएवढे पांढुरके किडे वळवळतायत, आणि बारीक काळी चिलटं झालीत. दार उघडलं की थेट माझ्या चहात! टिल्लू त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, साहेबांना आंब्याच्या चवीची पावडर कालवून लागते.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात. पैसे मोजून पाल आणली हेच त्यांना पटलेलं नाही. बॅगेतून झुरळांचा खडू आणलाय, "टाकीभोवती रेघ ओढू का गं?" रोज चालू आहे. सगळी माती फेकावी लागेल का?

हिरवा_चाफा
कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून फवारा. माझ्या कुंड्यांतली चिलटं त्यानेच गेली.

सरडेवाला_काका
चाफा, कुंडीला ठीक, इथे नको. हा प्राणी पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो आणि पापण्या नसल्यामुळे डोळेही जिभेनेच पुसतो. पानावर माराल ते त्याच्या पोटात जाणार. खडूत पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं, तो तर त्या खोलीतही नको. ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि खडू काढून घ्या.

पांढऱ्यांना काडीने डिवचा. टुणकन उडाले तर स्प्रिंगटेल. ते बुरशी आणि कुजका पाला खातात. लोक डबीतून विकत आणून सोडतात, तुमच्याकडे बहुधा मनीप्लांटबरोबर फुकट आलेत. न उडता खाण्याच्या वाटीभोवती हळूहळू सरकत असतील तर माइट, म्हणजे कोळ्यांच्या जातीचे बारीक किडे. उरलेलं खाणं रोज सकाळी काढलंत की हटतात. भीती फक्त रक्त पिणाऱ्या माइटची. टिल्लूला पांढऱ्या टिश्यूवर घेऊन डोळ्यांच्या कडा आणि काखा बघा. लालसर-काळे हलते ठिपके दिसले तर सरळ सरपटणाऱ्यांचा व्हेट गाठा. आणि धरताना जपून, या जातीची शेपटी एकदा गळली की परत येत नाही.

चिलटं म्हणजे फंगस नॅट असावेत, ते ओल्या मातीत वाढतात. बटाट्याची चकती रात्रभर मातीवर ठेवा. सकाळी खाली काळ्या डोक्याच्या, पारदर्शक अळ्या दिसल्या की नक्की. बागेच्या दुकानात डासांसाठी बीटीआय जिवाणूचे दाणे मिळतात. ते पाण्यात भिजवा, गाळा, ते पाणी आठवड्यातून एकदा मातीला घाला. महिनाभर तरी करा, कारण अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे जातात. पिवळे चिकट कागद टाकीच्या बाहेरच लावा. आत लावलात तर टिल्लूच चिकटेल आणि सोडवताना कातडी जाईल.

रेवाची_आई
उडाले! सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः डिवचले, आणि आता रेवाला "ते बघ, ते बघ" करून दाखवतायत. टिल्लूच्या अंगावर काही नाही. पण बटाट्याखाली अळ्या निघाल्या, ईऽऽ. काका, माती बदलू की नको?

सरडेवाला_काका
नको, स्प्रिंगटेलही जातील. मातीखाली निचऱ्याला मातीच्या गोळ्यांचा थर आहे का?

रेवाची_आई
नाही. तळाला काचेतून पाणी साचलेलं दिसतंय.

सरडेवाला_काका
मग मूळ तिथेच आहे. सुट्टीच्या दिवशी टिल्लूला हवेशीर डब्यात किचन टॉवेलवर ठेवा, माती एका टबात काढा, खाली दोन इंच गोळ्या आणि वर जाळी घाला, मग तीच माती परत भरा. मोठा फवारा फक्त रात्री. सकाळी वाटल्यास काचेवर जरासा, पण माती वरून सुकू द्या. आर्द्रता रात्री 80 टक्क्यांवर गेली तरी चालेल, दिवसा 60च्या आसपास उतरली पाहिजे.