मदत हवी आहे : लाईट गेली, स्पंज धुतला आणि घोळ झाला

नमस्कार मंडळी, मी गुहागरहून. घरी माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ५० लिटर पाणी, त्यात पंधरा-वीस गप्पी. एअर पंपावर एकच स्पंज फिल्टर. पिल्लं ओढली जात नाहीत म्हणून मुद्दाम तोच घेतला, आणि वर्षभर काही तक्रार नव्हती.

गेल्या आठवड्यात वाऱ्याने माड तारांवर पडला आणि लाईट तब्बल अकरा तास गेली. आल्यावर पंप लावला तर स्पंजातून काळपट गाळ आणि कुजकट वास. घाबरून मी तो नळाखाली खसाखसा पिळला. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो हे नंतर आठवलं! दोन दिवसांत पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंड उघडतायत, दोन गप्पी गेल्या.

चूक कळली. माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे, स्पंजात राहणारे जिवाणू मीच घालवले. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलका दाबायला हवा होता. सध्या खाणं बंद ठेवलंय आणि रोज पाव टाकी पाणी बदलतेय, तेही विहिरीचं. पण विहीर जांभ्यातली, पीएच सहाच्या आसपास. एवढ्या आम्लतेत जिवाणू धरायला वेळ लागेल ना? आम्लता कमी करायला शिंपले टाकू का? इथे त्यांना तोटा नाही, पण खारटपणा जायला किती दिवस भिजवायचे?

शेजारच्या काकांच्या टाकीतला मुरलेला, म्हणजे जिवाणू धरलेला स्पंज अर्धा कापून आणला तर चालेल का? आणि लाईट गेल्यावर तुम्ही काय वापरता, बॅटरीचा पंप की इन्व्हर्टर?