अनुभव धागा : कार्डे, चिपा आणि मदरबोर्ड

संगणकाच्या पिढ्यांविषयी बोलताना बहुधा वेगाचेच आकडे पुढे केले जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात ज्यांनी झाकण उघडून ही यंत्रे हाताळली, त्यांना येथे निमंत्रण आहे. पूर्वी वेगळा विकत घ्यावा लागणारा कोणता भाग पुढे यंत्रातच सामावला आणि त्याने तुमच्या कामात काय फरक पडला, ते लिहावे.

उद्यमबाग, बेळगाव
फाउंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंगे ऑटोकॅडवर करण्यासाठी आम्ही ८०३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, तेव्हा ८०३८७ ही गणिताची चिप निराळे पैसे मोजून शेजारच्या सॉकेटात बसवावी लागली. १९८९ च्या ४८६ डीएक्समध्ये ती प्रोसेसरच्या पोटातच आली. १९९१ च्या स्वस्त ४८६ एसएक्समध्ये मात्र ही सोय नव्हती, त्यामुळे नुसता ४८६ हा आकडा पाहून यंत्र घेणाऱ्यांची ड्रॉइंगच्या कामात निराशा होई.

छपाई व्यवसाय, बेळगाव शहर
आमच्याकडे मराठी आणि कन्नड अशी दोन्ही कामे येत असल्याने भारतीय लिपी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाबद्दल जरा सविस्तर लिहितो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने वाढवले. हे कार्ड मदरबोर्डावरच्या आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डे घालायच्या जुन्या खाचेत, बसवले की डॉसच्या ज्या पडद्यावर एरवी रोमन अक्षरांपलीकडे फारसे काही उमटत नसे, तेथे जोडाक्षरांसकट देवनागरी दिसू लागे. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इस्की संकेतप्रणालीत भारतीय लिपींमधल्या समान वर्णांना एकच संकेतांक असल्यामुळे, सोसायटीच्या सभासदांची नावे देवनागरीत भरली की तीच यादी कन्नड लिपीत पाहता येई. सीमाभागातल्या छापखान्याला याहून मोठी सोय कोणती? अर्थात कन्नडात ह्रस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असल्याने ती यादी छापण्यापूर्वी जाणकाराच्या नजरेखालून घालावीच लागे. पुढे विंडोज २००० मध्ये मराठी आणि २००१ च्या एक्सपीमध्ये कन्नड युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीतून आली, नव्या बोर्डांवरून आयएसए स्लॉटही नाहीसे झाले आणि कार्डाचे काम संपले.

खानापूर
आमच्याकडे वळवाचा पाऊस विजांसह येतो. मोडेम वेगळ्या कार्डावर होता तेव्हा टेलिफोनच्या तारेतून लोट आला तर बहुतेक वेळा तेवढे कार्ड जळे, आणि दुसरे घालून यंत्र संध्याकाळपर्यंत चालू होई. पुढे नेटवर्कचे पोर्ट बोर्डावरच आले. आमच्या संगणकवर्गात ते जळाले तेव्हा त्याच्यासह सगळा बोर्डच गेला. स्वस्ताई खरी, पण ती यंत्र धड असेपर्यंतच.

दुरुस्तीचे दुकान, बेळगाव
खानापूरच्या सरांचे म्हणणे अगदी रास्त आहे. इंटेलच्या सॉकेट ४७८ पर्यंत पिना प्रोसेसरला असत. एखादी वाकली तर शिसे काढलेल्या पेन-पेन्सिलीचे टोक तिच्यावर अलगद बसवून मी ती सरळ करीत असे. इंटेलच्याच २००४ च्या एलजीए ७७५ या सॉकेटापासून पिना बोर्डाच्या सॉकेटात गेल्या. त्या केसासारख्या बारीक आणि तिरप्या असतात, भिंगाखालीही हात लावायला धीर होत नाही. मेमरीचे नियंत्रण एएमडीने २००३ च्या ॲथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरमध्ये नेले, त्याने वेग वाढला हे मान्यच करायला हवे. आता तर कित्येक लॅपटॉपांत रॅमही बोर्डावरच डाखलेली असते, तेव्हा गिऱ्हाइकाला मी विकत घेतानाच पुरेशी घ्यायला सांगतो. जुन्या कोअर टू ड्युओला मात्र साटा एसएसडी जोडली तर ते यंत्र कार्यालयीन कामाला अजूनही चालते.

निपाणी
आमच्या सौहार्द सोसायटीत प्रवाह उलटा वाहिला. ठेवीच्या पावत्या कार्बन लावून काढायच्या म्हणजे डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही, कारण सुईचा ठोका बसल्याशिवाय खालची प्रत उमटत नाही. नव्या संगणकांना असा प्रिंटर जोडायचे २५ पिनांचे पॅरलल पोर्ट बहुधा नसते, आणि यूएसबीची बदलजोड (अडॅप्टर) आमच्या डॉसवरच्या जुन्या हिशेब प्रणालीला ओळखता आली नाही. अखेर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये पॅरलल पोर्टचे वेगळे कार्ड घालावे लागले. म्हणून येथे नवा संगणक घेताना आम्ही आधी रिकामा स्लॉट आहे का ते पाहतो, आणि मग बाकीचे.